स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ, बहीण २१ वर्षांची. आंब्याचा हंगाम संपेपर्यंत थांबलं तर?

खळ्यातलो

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकून वेगळ्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

धाकटी बहीण २१ वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. जानेवारीत स्कूटीवरून घसरली, हँडल पोटात लागलं. दोन दिवस दुखत राहिलं म्हणून कणकवलीला सोनोग्राफी केली. मार लागल्याचं काहीच निघालं नाही, निघाली ती स्वादुपिंडाच्या शेपटीकडची ५.८ सेंटीमीटरची गाठ. मग फोंडा घाट चढून कोल्हापूरला सीटी, पुढे मुंबईत दुर्बिणीला लावलेल्या सोनोग्राफीने आतून बघून सुईने तुकडा घेतला. रिपोर्टवर लिहिलंय : सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम. डॉक्टर म्हणाले, दुर्मिळ आहे, बहुतेक तरुण मुलींनाच होते, फार हळू वाढते, ऑपरेशन करून काढून टाका.

घरच्यांनी यातलं 'हळू वाढते' तेवढंच ऐकलं. आमची देवगडला कलमं आहेत. मार्च सरला की मे संपेपर्यंत घरात कोणाला खाली टेकायला सवड नसते. बाबा म्हणतात, हळू वाढते ना, मग जूनमध्ये बघू. आत्याला पोटावरच्या टाक्यांची आणि लग्नाची काळजी. काका परवा माजघरात बसून म्हणाले, "पर्रीकरांना झाला तोच हा." त्या दिवसापासून आई जेवत नाही. आणि जिच्या पोटात गाठ आहे ती काहीच बोलत नाही, पेपरांचा अभ्यास करते.

थांबलं तर चालेल का? हा कॅन्सर आहे की नाही? कोणाच्या घरात झालंय का हे?

सोलकढी

माहिती शून्य, पण शुभेच्छा. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

तर्कटराव

रोखठोक बोलतो, राग नसावा. आजकाल कोणाचंही पोट तपासलं की काहीतरी सापडतंच. मुलीला त्रास नाही, पडली नसती तर कळलंही नसतं. आमच्या सासऱ्यांना स्वादुपिंडात दोन सेंटीमीटरची पाण्याची पिशवी निघाली होती. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच सांगितलं, वर्षातून एकदा एमआरआय करा आणि निवांत राहा. सहा वर्षं झाली, सासरे रोज बांगडा खातायत. अजून एक मत घेतल्याशिवाय सुरी लावू नका.

घाटावरची

तर्कटराव, तुमच्या सासऱ्यांचं वय काय?

तर्कटराव

७८.

घाटावरची

मग झालं की.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात काम करतो, म्हणजे पेशंट कमी आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा जास्त बघतो. माझ्या अख्ख्या नोकरीत ही गाठ हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिली आहे. स्वादुपिंडाच्या गाठींत हिचा वाटा एक-दोन टक्क्यांचा. दहातले नऊ पेशंट बायका, त्याही बहुतेक विशी-तिशीतल्या.

आधी पर्रीकरांचं. स्वादुपिंडाचा जो नेहमीचा कॅन्सर असतो तो पाचक रस वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरातून उठतो, बहुधा साठीच्या आसपास, आणि तो फार आक्रमक. पर्रीकर २०१९च्या मार्चमध्ये गेले ते त्रेसष्ट वर्षांचे होते. तुमच्या बहिणीची गाठ ही त्याची धाकटी बहीणसुद्धा नव्हे. एकाच वाडीत राहतात इतकाच संबंध.

नाव अवघड आहे पण त्यात अर्थ आहे. गाठीत बारीक रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्याभोवती पेशींचे थर. जेटीच्या खांबाला कालवं धरतात ना, तसं समजा. खांबाला चिकटलेली टिकतात, त्यांच्यावर बाहेरच्या बाजूला चढलेली गळून पडतात. इथेही वाहिनीजवळच्या पेशी तगतात, लांबच्यांची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्या झडतात. उरतो तो बोटासारखा आकार, जणू मुद्दाम फुटलेला अंकुर. तो खरा अंकुर नाही, झडून उरलेला आहे, म्हणून 'स्यूडो'. झडलेल्या जागी रक्त आणि पाणी साचतं, म्हणून सीटीत गाठ थोडी भरीव, थोडी पोकळ दिसते, बाहेरून जाडसर कवच.

हिचं पहिलं वर्णन १९५९ साली व्हर्जिनिया फ्रँट्झ या अमेरिकन बाईंनी केलं. त्या सर्जरी शिकल्या आणि पुढे पॅथॉलॉजीत रमल्या. काही डॉक्टर अजून 'फ्रँट्झ ट्यूमर' म्हणतात, कागदावर तसं दिसलं तर दुसराच आजार समजून घाबरू नका.

आता कॅन्सर की नाही. आमच्या भाषेत 'लो ग्रेड मॅलिग्नंट'. म्हणजे पसरायची कुवत आहे, घाई नाही. शंभरातल्या दहा-पंधरा जणींत ती यकृतात किंवा पोटाच्या अस्तरावर गेलेली सापडते. कोणाची जाणार ते काचेवर बघून खात्रीने सांगता येत नाही, हीच अडचण आहे. म्हणूनच त्रास असो वा नसो, काढायची. पूर्ण निघाली तर पाच वर्षांनंतर ९५ टक्क्यांहून जास्त पेशंट ठणठणीत असतात. केमो सहसा लागत नाही.

तर्कटरावांचं म्हणणं त्यांच्या सासऱ्यांपुरतं बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसातल्या काही पाण्याच्या पिशव्या नुसत्या बघत राहायच्या असतात. पण ही ती पिशवी नाही, आणि २१ वर्षांच्या मुलीपुढे साठ वर्षं आहेत. इतकी वर्षं बघत कोण बसणार?

तर्कटराव

मान्य. पण दुसरं मत घ्या हे मात्र मी सोडत नाही.

सूक्ष्मदर्शी

सोडूच नका. आणि दुसरं मत नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर घेऊ नका. जिथे तुकडा तपासला तिथून तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचा मागून घ्या, तुमचा हक्क आहे. दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्याच ब्लॉकवर बीटा-कॅटेनिन, सीडी १० वगैरे प्रथिनं दाखवणारे रंग लावून बघतो. या गाठीत बीटा-कॅटेनिन पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेलं दिसतं, ती मोठी खूण. न्यूरोएंडोक्राइन नावाची दुसरी एक गाठ वरवर हिच्यासारखीच दिसते, तिथे घोळ होऊ शकतो.

वाडीवरचा_नेट

न्यूरोएंडोक्राइन म्हणजे स्टीव्ह जॉब्सला झाला तो? त्याने पण ऑपरेशन नऊ महिने लांबवलं होतं म्हणतात.

सूक्ष्मदर्शी

होय, त्याला २००३मध्ये कळलं आणि ऑपरेशन २००४मध्ये झालं. पण तो आजार वेगळा. इथे लावू नका.

केवड्याचं_पान

लिहू की नको करत दोन दिवस गेले.

मला झालीय ही गाठ. २०१२ साली, मी १९ची होते, गुहागरजवळ घर. माझी शेपटीतलीच, ९ सेंटीमीटर. तुमच्या बहिणीसारखं नशीब नव्हतं माझं, मला वर्षभर पित्त म्हणून गोळ्या चालल्या होत्या. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, थोडं जेवलं की पोट भरायचं. आई म्हणायची, नाटकं करतेस. मग एका ठिकाणी सोनोग्राफीत 'सिस्ट' निघाली, तिथले डॉक्टर म्हणाले नळी घालून पाणी काढू. नशिबाने मुंबईचा मामा मध्ये पडला. तिथल्या सर्जनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हिला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती? पोटाला मोठा मार?" दोन्ही नाही. तशी पिशवी सहसा त्यानंतर होते, काही न होता १९ वर्षांच्या मुलीला झाली तर ती पिशवी नसेलच असं धरून चालायचं, असं त्यांनी मामाला सांगितलं. आज मी शाळेत शिकवते आणि मुलांना सांगते, उत्तरापेक्षा प्रश्न नीट विचारा. ते तिथून उचललंय.

शेपटी काढली, त्याबरोबर पानथरीही (प्लीहा, रक्तातले जंतू गाळणारा अवयव) गेली, कारण गाठ तिच्या रक्तवाहिनीला चिकटली होती. अकरा दिवस दवाखान्यात. नळीतून पाणी येत होतं, त्यात अमायलेज (स्वादुपिंडातला पाचक रस) तपासत राहायचे. स्वादुपिंडाचा कापलेला काठ गळू शकतो, त्याची ती परीक्षा. माझा आठवडाभर गळला, मग आपोआप थांबला. पहिल्यांदा पेज प्यायले तेव्हा रडले. चवीला काही नव्हतं, नुसती मीठ घातलेली पेज.

टाक्यांची खूण आहे. लांब आहे, वाकडी आहे. आता तर बऱ्याच जणींचं दुर्बिणीनेही होतं म्हणे. लग्नाचं उद्या लिहिते, आत्ता सातवीच्या वह्या आहेत.

सोलकढी

ताई, वाट बघतोय. (वह्यांची नाही.)

बंदरावरचे_नाना

झिला, माजा वय पंच्याहत्तर. तुज्या बापाशीक माजो निरोप सांग. आंबे दरवर्षी येतत. यंदा कलमा खंडान दी. आणि आजयेन कौल लावल्यान काय? उजवो इलो तर बरा, डावो इलो तरी मुंबयची गाडी पकड. देव रागावना नाय.

खळ्यातलो

नाना, कौल लावला होता आजीने. उजवा आला. पण आजीने प्रश्नच असा घातला होता की "हंगाम नीट पार पडो."

बंदरावरचे_नाना

मगे देवान हंगामाचा उत्तर दिल्यान. चेडवाचा इचारा म्हणा तिका.

घाटावरची

नाना, तुमच्यासाठी एक स्वतंत्र धागा काढायला हवा.

परळची_खोली

धागाकर्त्या, कामाचं लिहितो. आईसाठी परळला दोन वर्षं खेपा घातल्यात.

टाटा मेमोरियलला जात असाल तर पहिल्या दिवशी फाइल काढण्यातच दिवस जातो, ते धरून चला. पिवळं, केशरी, पांढरं, जे असेल ते रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीसह ठेवा. महात्मा फुले योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, आता सगळ्या रंगांच्या कार्डांना. जिथे ऑपरेशन करणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा दवाखान्यातला मदतनीस) भरती व्हायच्या आधी भेटा, नंतर नाही. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे दवाखान्याचं पत्र लागतं आणि गर्दी असते, आधी चौकशी करा.

आणि रेल्वे. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाता-येता स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण तिकीट माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. दवाखान्यातून ठरावीक नमुन्यात दाखला घ्यायचा आणि खिडकीवर दाखवायचा.

सोलकढी

म्हणजे तिकिटाच्या खिडकीवर कॅन्सर आणि आत्यासमोर साधी गाठ. हलके घ्या.

खळ्यातलो

हसू आलं खरं. पण आमच्या घरात अगदी हेच चाललंय. आई फोनवर 'गाठ' म्हणते, बाबा 'ते दुखणं' म्हणतात, काका कुजबुजत 'कॅन्सर' म्हणतात. बहिणीसमोर कोणी काहीच म्हणत नाही.

निळी_साडी

माझ्या मुलीची गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात होती, म्हणजे उजवीकडे, लहान आतडं आणि पित्ताची नळी जिथे येते तिथे. तिचं व्हिपल नावाचं ऑपरेशन झालं. सात तास. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, सगळं काढून पुन्हा जोडणी. शेपटीचं त्या मानाने सोपं, तेव्हा त्यात तुम्ही सुदैवी. तिला अजूनही जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, नाहीतर तेलकट पचत नाही. गणपतीत मोदकांआधी बाई पर्समधून डबी काढते. साखर सहा महिन्यांनी तपासतो, कारण स्वादुपिंड कमी झालं की मधुमेह पुढेमागे येऊ शकतो. अजून आलेला नाही.

आम्ही तिला पहिल्या दिवशी शब्द सांगितला होता. तिनेच गूगल केला असता.

वैद्यांचा_नातू

आजोबा सावंतवाडीकडचे वैद्य. धाग्यावर कोणीतरी काढ्याचं विचारेल, त्याआधीच सांगतो. ते कावीळ, संग्रहणी, मूळव्याध बघायचे. पोटात हाताला गाठ लागली की पुडी बांधून द्यायचे नाहीत, चिठ्ठी द्यायचे, सर्जनच्या नावाची. म्हणायचे, सुश्रुताने शस्त्रं काय भाजी चिरायला सांगितली?

तर्कटराव

हे आवडलं.

गावठी_कोंबडी

एक शंका. धाकट्या बहिणींच्या, मुलींच्या पण सोनोग्राफ्या करायच्या का? आमच्या चुलत घरात एकीला झाली होती, तेव्हापासून सगळे टरकलेत.

सूक्ष्मदर्शी

सहसा गरज नाही. बीटा-कॅटेनिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड होतो खरा, पण तो त्या गाठीच्या पेशींत झालेला असतो, आईबापाकडून आलेला नसतो. मुलींनाच का होते याचं उत्तर अजून शास्त्राकडे नाही. या पेशींत प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राहक (रिसेप्टर) सापडतात, पण त्यावरून कारण ठरत नाही. कोणी म्हणेल मुलीने अमुक खाल्लं, तमुक केलं म्हणून झालं, तर त्याला काही आधार नाही.

केवड्याचं_पान

लग्नाचं.

आमच्याकडेही 'सांगायचं नाही' असंच ठरलं होतं. मी पहिल्याच बघण्यात सांगून टाकलं, चहा यायच्या आधी. दोघांनी नंतर कळवतो म्हणून कळवलंच नाही. तिसऱ्याने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे जड उचलायचं नाही का? आमच्याकडे पंप नाही, विहिरीवरून पाणी आणायला लागतं." मी म्हटलं, उचलते. लग्नाला आठ वर्षं झाली, पंप त्यानेच बसवला. दोन मुलं आहेत.

घाटावरची

ताई, छानच. पण मी वेगळ्या मताची. ज्याने अपेंडिक्स काढलंय तो बायोडाटात लिहितो का? बरी झालेली मुलगी प्रत्येक पोहे खायला आलेल्या माणसाला पोट उघडून का दाखवेल?

निळी_साडी

आम्हीही सांगितलं. लपवलेलं पुढे पानथरीच्या लशींपाशी बाहेर येतंच.

घाटावरची

सांगा हो, पण बोलणी पुढे गेल्यावर. पहिल्या चहाला नाही.

परळची_खोली

धाग्याचा वधूवर मेळावा होतोय. तिची परीक्षा तरी होऊ द्या.

सूक्ष्मदर्शी

लशींचा विषय निघालाच आहे तर. पानथरी वाचवता आली तर सर्जन वाचवतात, पण ते आत गेल्यावर ठरतं. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लशी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी घेऊन ठेवाव्यात. तारीख ठरवताना हे विचारा, ऐनवेळी राहून जातं.

आणि पानथरी गेली तर आपल्या भागात एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेवायची : ताप आला की 'बघू उद्या' नाही. त्याच दिवशी, त्याच तासात डॉक्टर, आणि पानथरी नाही हे तोंडाने सांगायचं. आपल्याकडे मलेरिया आहे, लावणीच्या चिखलात लेप्टो आहे, दोडामार्गाकडे माकडताप आहे. ज्याला पानथरी आहे तो दोन दिवस अंगावर काढू शकतो, हिने काढायचा नाही.

केवड्याचं_पान

+१. माझ्या पाकिटात चिठ्ठी असते, नवऱ्याच्या पाकिटातही. एकदा जुलैत रात्री ताप चढला, ओढ्याला पाणी होतं, साकव बुडालेला. शेजारच्या दादाने ट्रॅक्टरवर बसवून पलीकडे नेलं. साधा फ्लू निघाला. मग दादा आठवडाभर मला 'फ्लूवाली राणी' म्हणत होता.

खळ्यातलो

सगळ्यांचे आभार. एकच विचारायचं राहिलं, जे सुरुवातीला विचारलं होतं. जूनपर्यंत थांबलं तर?

सूक्ष्मदर्शी

मी सर्जन नाही, तारीख त्यांनी द्यायची. माझं मत : ही गाठ दोन-चार आठवड्यांत पळून जात नाही. लशी, परीक्षेचे पेपर, कागदपत्रं यासाठी थोडा वेळ घेतला तर कोणी रागावणार नाही. पण 'थोडा वेळ' आणि 'हंगामानंतर बघू' यात फरक आहे. जूनमध्ये पाऊस, मग लावणी, मग गणपती. कोकणात 'नंतर' कधी येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय ती स्कूटीवरून पडली होती. कवच असलेली गाठ मार लागून फुटू शकते, आणि फुटली तर आतलं पोटात पसरतं. तारीख मिळेपर्यंत स्कूटी बंद.

तर्कटराव

मी आधी सुरी लावू नका म्हणालो होतो, ते मागे घेतो. स्कूटीची किल्ली बाबांकडे द्या.

खळ्यातलो

चार दिवसांनी लिहितोय. ब्लॉक आणि काचा दुसरीकडे दाखवल्या, निदान तेच आलं. काल रात्री बाबांना हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. नानांच्या निरोपापाशी थांबवलं आणि म्हणाले, "परत वाच." मग उठून खळ्यात गेले. सकाळी त्यांनी यंदाची कलमं खंडाने दिली. भाव पडूनच मिळाला, त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पेपर संपल्यावर आठव्या दिवशीची तारीख आहे. लशी उद्या.

आणि बहिणीने धागा वाचलाय. आयडी घेतलाय तिने. मला म्हणाली, माझ्या पोटाबद्दल ३४ प्रतिसाद आणि मला कोणी एक प्रश्न विचारला नाही.

शेपटीवाली

मीच ती. दादाने ५.८ लिहिलंय, रिपोर्टमध्ये ५.६ आहे.

मला शब्द पहिल्या दिवसापासून माहीत होता, रिपोर्ट मीच डाउनलोड केला होता. केवड्याचं पान ताई, तुम्हालाच विचारायचंय. बॅगेत काय भरू? आई तीन साड्या भरतेय.

केवड्याचं_पान

आईच्या साड्या तिच्यासाठी राहू देत. तुझ्यासाठी पुढून बटणांचे सैल गाऊन तीन, कमरेला नाडी नसलेले. खोकताना पोटाशी धरायला छोटी उशी, ती विसरू नकोस. मोबाइलची लांब वायर, कारण प्लग नेहमी पलंगामागे असतो. स्ट्रॉ. केस लांब असतील तर दोन वेण्या घालूनच जा, पाच-सहा दिवस कंगवा फिरणार नाही.

लांब आहेत का केस?

शेपटीवाली

कमरेपर्यंत.

केवड्याचं_पान

मग घट्ट घाल.